गाळलेलं तिसरं प्रकरण

मी एका प्रबंधाचं तिसरं प्रकरण बोलतोय. सव्वीस पानं, एवढाच माझा देह. माझी भावंडं बिश्केकच्या विद्यापीठात कापडी बांधणीत उभी आहेत. मी त्यांच्यात नाही.

मला लिहिलं बेगायिमनं. बाईवर प्रेम करणाऱ्या बायांनी किरगिझ भाषेत काय लिहिलं आणि त्यातून त्यांची चळवळ कशी उभी राहिली, हा तिचा विषय. ती स्वतः त्यांच्यातलीच, पण तेवढं एक कुठंच लिहिलेलं नव्हतं.

माझ्या पोटात अकरा कविता होत्या, नुरिपाच्या. ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची आणि कापड बेतायच्या कागदावर कविता लिहायची. आठ मार्चच्या मोर्चात ती त्या म्हणायची आणि मागून सगळ्या जणी सूर धरायच्या. बेगायिम तिच्या खोलीवर बसून त्या उतरवून घेई.

"माझ्या कवितांना तळटिपा?" नुरिपा हसायची. "अगं, त्यांना अजून काजं-बटणंसुद्धा लावलेली नाहीत!"

मार्गदर्शक सायराकान बाई वाईट नव्हत्या, भित्र्या होत्या. "ही कसली कविता, ही तर पत्रकं, असं म्हणतील समितीत. तिसरं काढ. नाहीतर तूही जाशील नि मीही."

बेगायिमनं नुरिपाला विचारलं. मशीन न थांबवता ती म्हणाली, "काढून टाक. आपल्यातली एक तरी शिकवायला उभी राहू दे."

मला काढलं. तोंडी परीक्षेच्या दिवशी नुरिपा अर्धी रजा टाकून आली, शेवटच्या रांगेत बसली. तिचं नाव कुणी घेतलं नाही. टाळ्या मात्र तिनंच सर्वांत जोरात वाजवल्या.

पुढच्या मार्चमध्ये तिचा मोर्चातला फोटो गावापर्यंत पोचला. भाऊ येऊन तिला घेऊन गेले. कागद चुलीत गेले. महिन्याभरात लग्न लावून दिलं. मग त्या कविता उरल्या फक्त माझ्यात.

दोन वर्षांनी बेगायिम मला घेऊन नुरिपाच्या सासरी गेली. डोंगरातल्या नारीन शहराच्याही पुढचं गाव. नुरिपाच्या कडेवर मूल होतं. सासूनं चहा आणि तळलेले बोर्सोक पुढं केले. "कोण गं ही?"

"कारखान्यातली."

"नुरिपाताई, या तुमच्या..." बेगायिमनं मला दस्तरखानावर, चहाभोवती अंथरलेल्या कापडावर ठेवलं.

नुरिपानं चारपाच पानं चाळली. एका पानावर थांबली, मग मला बाजूला सारलं. "माझ्या नाहीत. मला कुठं येतंय असलं काही!"

फाटकाशी, कुत्र्याला आवरता आवरता, ती घाईघाईनं पुटपुटली, "सातवी चुकीची उतरवलीस. 'मी वाट पाहिली' नाही ते. 'आम्ही वाट पाहिली.' आम्ही!"

आमच्या भाषेत एवढा एका अक्षराचा फरक. त्या 'मी'वर बेगायिमनं चार पानं लिहिली होती: एकटेपणा, ओळख, आतला आवाज. परतीच्या गाडीत तिनं ती चारही पानं खोडली. रडत खोडली.

आज मी तिच्या कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली आहे. ती शाळेत व्याकरण शिकवते. कडा पिवळ्या पडल्यात माझ्या.

मला बांधणी नको, पदवीही नको. कधी तुमच्या हाती आलोच, तर सातवी कविता मनात वाचू नका. चार जण जमा, आणि मोठ्यानं म्हणा. ती एकट्यानं म्हणायची नव्हतीच.