सरांनी बदललेला पासवर्ड

मित्रांनो, मी एक जुना राउटर आहे. वहीएवढी काळी पेटी, डोक्यावर शिंगांसारखे दोन अँटेना आणि पोटावर हिरव्या दिव्यांची ओळ, एवढेच माझे रूप. तारेतून येणारे इंटरनेट घरभर हवेतून वाटायचे, हे माझे काम.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका बाईंनी माझे झाकण बसवले, दुसरीने पाठीवर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर आकड्यांत लिहिलेला माझा पत्ता होता आणि खाली पासवर्ड होता. माझ्यासोबत जन्मलेल्या सगळ्या भावंडांच्या पाठीवर तोच पत्ता आणि तोच पासवर्ड. एकाच किल्लीने उघडणारी ती सगळी कुलपे! यात काही वावगे आहे, हे मला सरांच्या घरी आल्यावर कळले.

सरांचा टायपिंगचा क्लास होता. आधी टाइपरायटरवर आणि नंतर कॉम्प्युटरवर त्यांनी निम्म्या वस्तीला कळांवर बोटे कशी ठेवायची ते शिकवले होते. नवा माणूस भेटला की ते आधी त्याच्या बोटांकडे बघत. त्यांनी मला खोक्यातून काढले, बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवले आणि लगेच माझ्या सेटिंग्जचे पान उघडून त्या पानाचा पासवर्ड बदलला. दाराजवळ इंटरनेट कंपनीने बसवलेली दुसरी पेटी होती. तिचा आणि माझा पत्ता एकच निघाला आणि आमची गल्लत होऊ लागली, म्हणून त्यांनी माझा पत्ताही बदलून टाकला. "चिठ्ठीवरचा पासवर्ड अख्ख्या जगाला ठाऊक असतो," असे त्यांनी पत्नीला समजावले. मुले तिला आई म्हणत, म्हणून मीही मनातल्या मनात आईच म्हणे. आईने हुंकार भरला आणि उसवलेली बाही शिवणे चालू ठेवले. नवा पासवर्ड काय, हे तिने विचारले नाही आणि सरांनी सांगितले नाही.

माझी ती वर्षे मोठ्या मानाची गेली. दादाने, म्हणजे थोरल्या मुलाने, नोकरीची मुलाखत माझ्याच भरवशावर दिली. तो आता दुसऱ्या शहरात बस डेपोत वेळापत्रके लावतो. लेक चष्म्याच्या दुकानात नजर तपासते. तिचा अभ्यासही माझ्यावरच झाला. शेजारी येत, सोफ्यावर टेकत आणि म्हणत, तुमच्याकडे नेट काय झकास चालते हो. सर जाता जाता फडक्याने माझी धूळ टिपत.

पुढे माझी सवय झाली. सवय झालेल्या वस्तूकडे कोण बघतो? माझी पाठ गरम असते हे कुणाच्या तरी लक्षात आले आणि थंडीत माझ्यावर मोजे वाळू लागले. मी ते निमूटपणे वाळवले.

मग एका सकाळी दाढी करता करता सरांच्या हातातून ब्रश गळून पडला. मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबली होती. ते इस्पितळातून परत आले तेव्हा उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणे गेले होते. समोरच्याचे बोलणे त्यांना बहुतेक समजे, पण स्वतःचे शब्द ओठांपर्यंत येत नसत. एकच शब्द शिल्लक उरला होता. क्लासमध्ये मुलांची एक ओळ टाइप करून झाली की ते "पुढे" म्हणत. तेवढे "पुढे" मागे राहिले. चहा हवा का, पुढे. डोके दुखते का, पुढे. आपण भलतेच बोललो हे त्यांना स्वतःलाच ऐकू येई, आणि मग ते डोळे मिटून घेत.

घर हळूहळू त्यांच्याशी बोलायचे थांबले. यात कुणाच्या मनात वाईट नव्हते. माणसे फक्त त्यांच्याविषयी बोलू लागली, त्यांच्या समोर बसून. त्यांना पंखा लागतोय, त्यांना आता झोपवा, त्यांना हे चालणार नाही. मी फळीवरून हे सगळे ऐकत असे.

वाचा परत आणायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या लांबच्या शहरात राहत आणि रोज दुपारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर येत. त्यांना घरी आणण्याचे काम माझे. त्या ओठ मोठे करून एकेक शब्द म्हणत आणि सर त्या ओठांकडे टक लावून बघत. सुरुवातीचे महिने फार मोलाचे असतात, एकही दिवस चुकवू नका, असे त्यांनी बजावले होते.

आणि नेमका तेव्हाच मी कमी पडू लागलो. आमच्या इमारतीत घरोघरी नवे राउटर आले होते. आम्ही राउटर ज्या लहरींवर बोलतो त्यांना चॅनेल म्हणतात. ते सगळे माझ्याच चॅनेलवर येऊन बसले. भरल्या मंडईत तुम्ही हळू आवाजात काही सांगायला जावे, तशी माझी गत झाली. बाईंनी शब्द म्हणायला ओठ उघडले की चित्र तिथेच थिजे. सर त्या थिजलेल्या ओठांकडे बघत राहत. शब्दाची शेपटी उशिरा आणि तुटक येई. एका दुपारी त्यांनी डाव्या हाताने कॉम्प्युटर दूर सारला आणि भिंतीकडे तोंड केले. दुसऱ्या दिवशी ते खुर्चीत बसायलाच तयार होईनात.

लेकीने दुकानातून रजा घेतली आणि कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या माणसाने रोग बरोबर ओळखला. राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मोकळे चॅनेल निवडा, दोन मिनिटांचे काम आहे, असे सांगून त्याने फोन ठेवला.

त्या दोन मिनिटांच्या कामात लेकीची सकाळ गेली. आधी तिने माझ्या पाठीवरचा पत्ता मोबाइलमध्ये टाकला, तर पान उघडेना. मोबाइल माझ्याशी जोडलेलाच नव्हता, तो स्वतःच्या सिमकार्डावर चालला होता. वायफायचा वेगळा पासवर्ड घरात सगळ्यांना ठाऊक होता, तो टाकून मोबाइल माझ्याशी जोडला, तर तिने पत्ता भलत्याच चौकटीत टाकला आणि जगभरच्या राउटरांची माहिती समोर येऊन पडली. मग पत्ता बरोबर जागी गेला, तर दाराजवळच्या पेटीचे पान उघडले. माझ्या पाठीवरच्या पत्त्यावर मी राहतच नव्हतो ना! शेवटी तिने कॉम्प्युटरमध्ये नेटवर्कचा तपशील उघडला. तिथे "गेटवे" या शब्दापुढे माझा खरा पत्ता होता. तो टाकताच माझे पान उघडले. मला वाटले, आता सुटलो.

पण पानाने पासवर्ड मागितला. तिने चिठ्ठीवरचा टाकला, तो चुकला. मग आईचा जन्मदिवस, दादाचा, स्वतःचा, क्लासचे नाव. सगळे चुकले. चुका फार झाल्या म्हणून मी काही वेळ दारच लावून घेतले. मित्रांनो, मला तशीच शिकवण आहे. पासवर्ड मला माहीत होता. पण मला तो सांगता येत नाही, फक्त कुणी आणून दिला तर ताडून बघता येतो. फळीखालच्या खुर्चीत सर बसले होते. त्यांनाही माहीत होता आणि त्यांनाही सांगता येत नव्हता. त्या दिवशी आम्ही दोघे सारखेच होतो.

दुपारी दादा गावाहून आला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि सेफ्टी पिन मागितली. माझ्या पाठीत एक बारीक भोक आहे. त्यात टोचून धरले की मी सगळे विसरतो आणि कारखान्यातून आलो तसा कोरा होतो. मग चिठ्ठीवरचा पासवर्ड चालला असता. पण तारेतून इंटरनेट घेण्यासाठी लागणारी ओळखही, म्हणजे खात्याचे नाव आणि त्याचा पासवर्ड, माझ्याबरोबर पुसली गेली असती. ती ओळख जुन्या कंपनीने दिलेली होती आणि ती कंपनी आता दुसऱ्याच कुणी घेतली होती. नवा राउटर आणला तरी हीच अडचण. लेकीने चौकशी केली तेव्हा नवी कंपनी म्हणाली, नव्याने अर्ज करा, माणूस येईल, किती दिवसांनी ते सांगता येत नाही. तोवर बाईंचे शिकवणे बंद.

"दुसरा इलाज नाही," दादा म्हणाला. "पासवर्ड एकट्या बाबांना ठाऊक. आणि त्यांना सांगता कुठे येतंय?"

हे तो सरांच्या हातभर अंतरावर उभा राहून बोलला. मनाने तो मायाळूच होता.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "पण त्यांना विचारलं कुणी?"

दादाने पिन मुठीत मिटली. आई सरांच्या समोर स्टुलावर बसली, त्यांच्याकडे बघून बोलली. राउटरचा पासवर्ड लागतोय, तुम्हीच बदलला होतात, मला सांगितला नव्हतात आणि मीही विचारला नव्हता, असे तिने सावकाश सांगितले. मग म्हणाली, "अहो, तोंडानं नका सांगू. टाइप करता येतोय का बघा."

लेकीने कळांची पाटी, म्हणजे कीबोर्ड, सरांच्या मांडीवर ठेवली. सरांनी पाटीवरून नजर फिरवली. मग त्यांचा डावा हात उचलला आणि बोटे आपापल्या कळांवर जाऊन बसली, जणू घरी आली. उजवा हात त्यांनी डाव्याने उचलून शेजारी ठेवला; त्याच्या बोटांत एव्हाना थोडी हालचाल परतली होती. ते पडद्याकडे बघतच नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि बोटे चालू लागली. डावी भराभर, उजवी ओढत. पडद्यावर ठिपके उमटत गेले.

मी ताडून पाहिले. एक अक्षर कमी होते.

मला तो माणूस ओळखू येत होता. माझी धूळ पुसणारा दुसरा कुणी नव्हता. पण एका अक्षराचीही सूट देणे माझ्या हातात नाही. मी नकार दिला. सरांनी पाटी ढकलली. दादा हळूच म्हणाला, राहू दे आई, त्यांना त्रास नको.

पण आई पडद्याकडे बघतच नव्हती. ती आयुष्यभर त्या हातांकडे बघत आली होती. "यांची करंगळी उठली होती," ती म्हणाली, "पण कळ वाजली नाही."

तिने आपला तळवा सरांच्या उजव्या मनगटाखाली धरला. बोटांना हात लावला नाही, फक्त मनगटाचे ओझे पेलले. सरांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी करंगळी उठली आणि तिची कळ वाजली.

मी दार उघडले.

लेकीने मोकळे चॅनेल निवडले. त्याला खरोखरच दोन मिनिटे लागली. दादा खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला, आणि परत आला तो सरांच्या खुर्चीशेजारी खालीच बसला. त्याने त्यांना विचारले, "बाबा, नवा पासवर्ड ठेवू या का? सगळ्यांना माहीत असलेला?" सरांनी होकारार्थी मान हलवली. त्या घरात कित्येक दिवसांत त्यांना कुणी काही विचारून उत्तरासाठी थांबले नव्हते.

त्या दुपारी बाई पडद्यावर अखंड दिसल्या. सगळे ऐकल्यावर त्या म्हणाल्या की, बोलण्याची वाट आणि बोटांची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणाची सवय शिल्लक राहते, कुणाची नाही. आशा धरा, पण घाई करू नका. तेव्हापासून पाटी सरांच्या जवळच राहू लागली. ते जे टाइप करत त्यातले बरेचसे वेडेवाकडे असे. एका सकाळी मात्र आईने चहा पुढे ठेवला, तर त्यांनी कप तसाच ठेवून पाटी ओढली, आणि थांबत थांबत एक अख्खा शब्द टाइप केला. साखर.

डॉक्टरांनी सांगितल्यापासून आई त्यांना बिनसाखरेचा चहा देत होती, आणि तो त्यांना आवडतो असे घरात सगळे धरून चालले होते. आई हसली, मग तिने पदराने डोळे पुसले आणि अर्धा चमचा साखर घातली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझ्यातला एक दिवा लागत नाही आणि लवकरच माझ्या जागी दुसरा येईल. त्याची धूळ टिपा, त्याच्यावर मोजे वाळवू नका, एवढे मी सांगणारच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. घरात कुणी बोलेनासे झाले, तर त्याच्याकडे उत्तर नाही असे धरून चालू नका. त्याच्यासमोर बसा, त्याला विचारा आणि थांबा. उत्तर जिभेऐवजी बोटांतून येईल, नाहीतर नुसत्या नजरेतून येईल. आणि ते एका अक्षराने अडले, तर मनगटाखाली हात धरा.