पाण्याचा अर्क

तळोज्याच्या त्या छोट्या प्रयोगशाळेत अक्षताला सगळ्यात जास्त आवडायचं ते काचेच्या चंबूचं फिरणं. हिरड्याची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवायची, गाळायची आणि तो तपकिरी द्रव चंबूत भरून कोमट पाण्यावर फिरत ठेवायचा. मिथेनॉल उडून जायचं, पलीकडच्या थंड काचेवर थेंब होऊन उतरायचं, आणि तळाशी राहायचा हिरड्याचा दाट अर्क, पॉलिफिनॉल या गुणकारी द्रव्यांनी भरलेला. त्या संथ फिरण्याकडे बघता बघता तिचं मन कुठल्या कुठे तरंगत जायचं.

आता मात्र तिला तिथे उभं राहवेना. तिला दिवस गेले होते. मागच्या वर्षीही गेले होते. नावडे कॉलनीत पेढे वाटून झाले आणि मग सगळं हातातून निसटलं. या वेळी तिनं नवऱ्याला, सुगतला, बजावलं होतं की कुणाला म्हणून कळता कामा नये. पण मिथेनॉलचा विषारी वास आता थेट पोटात उतरायचा, आणि जीव धास्तावायचा.

"प्रयोगशाळेत मॅडमना सांगून टाक," सुगत म्हणाला.

"आणि परत तसंच झालं तर? परत सगळ्यांच्या त्या बिचारीवाल्या नजरा?"

सुगत तिच्या पायांना तेल चोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर प्रयोगशाळेतल्या खुर्चीतच तिचा डोळा लागला. स्वप्नात खाडीचं पाणी जांभळं झालं होतं आणि ती गुडघाभर पाण्यात उभी होती. पाणी कोमट होतं. कुणीतरी तिचं बोट धरलं होतं. खाली बघायला गेली तर फक्त लाटा. तरी बोटावरची पकड सुटत नव्हती.

जागी झाली ती थेट सत्यभामा मॅडमच्या केबिनमध्ये गेली. प्रयोगशाळा मॅडमचीच.

"मॅडम, मला दिवस गेलेत."

मॅडम ताडकन उठल्या. "आणि त्या वासात उभी राहतेस? आधी खिडकीपाशी बस बघू. हिरड्याचं काम निशांत करेल."

"काम माझ्याकडेच राहू द्या. मी अर्क पाण्यात काढते."

"पाणी लवकर उडत नाही, अक्षता. टाइम लागेल."

"चालेल," ती म्हणाली. "मला सध्या घाई नाहीच कसली."

मॅडम हसल्या आणि त्यांनी मागची खोली उघडून दिली.

तिथे गरम पाण्यात हिरडा मुरू लागला. खोलीभर काढ्याचा तुरट वास पसरला. हा वास मात्र तिला सोसला. चंबू फिरायचा, खिडकीतलं ऊन त्यात विरघळायचं, आणि दुपार केव्हा कलली ते तिला कळायचंही नाही. अर्क घट्ट व्हायला मिथेनॉलपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला, पण झाला.

अर्काची ताकद तपासायच्या चाचणीचं द्रावण मिथेनॉलमधलंच असल्यामुळे ती चाचणी तिच्या सहकाऱ्यानं, निशांतनं, केली. अक्षता काचेच्या दाराबाहेर थांबली. द्रावण गर्द जांभळं होतं. अर्कात जोर असला तर तो रंग विझून पिवळा होणार होता. निशांतनं अर्क सोडला. जांभळा जांभळाच राहिला. तिनं तळहात काचेवर टेकला. मग कडेनं रंग फिकटला, गुलाबट झाला, धुरकट झाला, आणि हळूहळू सगळी नळी पिवळी झाली.

"मिथेनॉलमधल्या अर्कापेक्षा जोर थोडा कमी आहे," निशांत दार उघडून म्हणाला, "पण मस्त आलाय."

"अर्क मागवलाय त्या सरबतवाल्यांना हाच पाठवू," मागून मॅडम म्हणाल्या. "पिण्यात घालायचा, म्हणजे त्यांना पाण्यातलाच बरा."

अक्षता अंगणात आली. झाडलोट करणाऱ्या वेणूबाई सावलीत बाकावर टेकल्या होत्या.

"काय गो पोरी, आज येवरी खुश?"

अक्षता त्यांच्याजवळ गेली. "मावशी, मला बाळ होणार आहे."

"अगो बाय! कनचा महिना हाय?"

"तिसरा."

वेणूबाईंनी झाडू बाजूला सारला आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली. अक्षता त्यांना अगदी खेटून बसली.