कापलेले बारा सेकंद

रेकॉर्डचा आवाज सीडीपेक्षा गोड असतो, असं कुणी म्हणालं की माझं डोकंच फिरतं. अहो, कसला गोड! नुसती खरखर अन् टकटक. घासागणिक दाताखाली खडा यावा तसं. पुंडलिकनगरात रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आमचं. आमचे हे गेल्यापासून मी, आशाबाई, एकटीच चालवते. लोकांच्या जुन्या रेकॉर्डींच्या सीडी करून देते, एकदम धुतल्या तांदळासारख्या.

मागच्या महिन्यात मुकुंदवाडीचा भारत आला होता. पन्नाशीचा माणूस. त्याचे वडील भिकनबाबा कन्नड तालुक्यात मेंढरं राखायचे अन् ओव्या गायचे. कुण्या कंपनीवाल्यांनी मेंढरांच्या वाड्यावरच मशीन नेऊन त्यांची ओवी भरली होती. तिची ही एकच रेकॉर्ड घरात उरलेली. वाजवायला घरात कधी मशीनच नव्हतं, म्हणून ती जन्मभर पेटीतच राहिली.

मी कॉम्प्युटरवर घेऊन सगळी साफ केली. भारत सीडी घेऊन खुश होऊन गेला. रेकॉर्ड माझ्यापाशीच ठेवून गेला, म्हणाला, "आता हिचं काय करू?" शेजारचा ऋतुराज जुन्या रेकॉर्डींची भिंतीवरची घड्याळं करतो. त्याला म्हटलं, घेऊन जा रविवारी.

शनिवारी सकाळीच भारत दारात. संगं भिकनबाबा, काठी टेकत.

"मावशी, बाबा जेवत नायत नीट. सीडी लावली की उठून जातेत."

"का हो बाबा? आवाज स्वच्छ नाही?"

"लई स्वच्छ," म्हातारा म्हणाला. "पण ह्यात बाना नाय."

बानाबाई म्हणजे भारतची आई. भारत रांगत होता तेव्हाच वारली. फोटोसुद्धा नाही तिचा. भारतनं माझ्याकडं बघून हळूच मान हलवली, वय झालंय, असं सांगितल्यागत.

मला मात्र रागच आला. माझ्या कामाला नावं ठेवता? "रेकॉर्डवर तुम्ही एकटेच गाताय, बाबा. बाई कुठली आली?"

"गाण्याच्या आदी," बाबा म्हणाले. "बाना गेल्यावर कन्नडच्या बाजारात एका हॉटेलवाल्यानं त्याच्याकडची वाजवली व्हती एकडाव. म्या ऐकलंय."

गाण्याआधी बारा सेकंद नुसता गोंगाट होता, मेंढरांचा असणार. मी तो कानानं ऐकलाच नव्हता. पडद्यावर वेड्यावाकड्या रेघा दिसल्या अन् कापून टाकल्या. कॉम्प्युटरमधूनही पुसून टाकल्या, मी मेलीनं! आयुष्यभर कानाचं काम केलं अन् नेमकं तेव्हा डोळ्यानं केलं.

कपाटावर हात घातला. रेकॉर्ड नव्हती. ऋतुराज रविवारची वाट न बघता आदल्या दिवशीच घेऊन गेला होता. मी तशीच चपला न घालता धावले. त्यानं रेकॉर्डवर खडूनं आकडे मांडले होते अन् रंगाचा डबा उघडलेला होता. "थांब रे मुडद्या!" म्हणत मी त्याच्या हातातून ओढली. बिचारा बघतच राहिला.

पदरानं खडू पुसला. मशीनवर ठेवली, सुई टेकवली. खरखर. टकटक. मेंढरं ओरडली. अन् त्यातून एक बाई, तरणी, कुण्या मेंढीवर जरा चिडलेली:

"हर्रर्र! गप गं पिवळे! भारत निजलाय माझा!"

मग ओवी सुरू झाली. कुणी ऐकलीच नाही.

भारत खाली बसला. एवढा बाप्या माणूस, दोन्ही हातांत तोंड घेऊन रडला. "माझं नाव घेतलं तिनं," एवढंच म्हणत राहिला. "बाबा, कधी बोलला नाय तुम्ही?"

"बोलून काय दाखवणार व्हतो, लेकरा? मशीन कुठं व्हतं?"

मी हात जोडले भिकनबाबांना. मनापासून जोडले. "बाबा, तुम्ही हट्ट धरला म्हणून वाचले मी. अजून घटकाभरात हिचं घड्याळ झालं असतं."

"तुमचंच उपकार, बाई," ते उलट मलाच म्हणाले. "तुमच्यापाशी मशीन हाय."

दुसरी सीडी केली मी. एक टकटक काढली नाही, एक खडा वेचला नाही. खरं सांगायचं तर सीडीचा दोष नव्हताच, तिनं सगळं जसंच्या तसं ठेवलं. दोष माझ्या हाताचा होता.

लावून बघितली. ओवी सुरू झाली तसा भिकनबाबांनी काठीनं मशीनकडं इशारा केला.

"गाणं ऱ्हाऊ द्या, बाई. तेवढंच पुन्ना लावा. पोराला ऐकू द्या."