चार बोटं जास्त

शिरूरच्या मैदानावर उंच उडीत रुपालीने दुसऱ्यांदा आडवी दांडी पाडली, पंचांनी लाल झेंडी वर केली, आणि तिचा चुलता संपत ताडकन उठून उभा राहिला. आता एकच उडी उरली. तीही हुकली तर पोरीच्या नावापुढे एकही उंची लागणार नव्हती. विभागीय स्पर्धेला दोघी जाणार होत्या आणि एकीची जागा केव्हाच पक्की झाली होती.

शहाणपण सगळं संपतचं. बाकीच्या पोरी सव्वा मीटरपासून चढत आल्या. याने मात्र छाती फुगवून पंचांना सांगितलं होतं, की आमची पोरगी थेट एक मीटर पंचेचाळीसलाच उतरेल, उगाच पाय कशाला दमवायचे! गावी पाटसला दोन बांबूंना दोर बांधून, पलीकडे उसाच्या पाचटाचा ढीग रचून ती रोज तेवढंच तर उडत होती. टेप त्याने स्वतः लावली होती.

पंचांनी दांडी पुन्हा ठेवली आणि उंची मोजली ती मधोमध. संपत बघतच राहिला. त्याने मोजलं होतं बांबूपाशी, गाठीजवळ. दोर तर मधे लोंबायचा, आणि पोरगी उडायची मधूनच! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगावं तर ती घाबरेल, असं वाटेपर्यंत रुपाली डबडबल्या डोळ्यांनी समोर येऊन उभी राहिली. आपलं कुठं चुकतंय, विचारू लागली.

"तुझं काय बी चुकंना," तो म्हणाला. "ही रोजची उंची न्हाई. चार बोटं जास्त हाय. दोर मधी लोंबत व्हता, आन् मी कडंला मोजला. माझंच चुकलं."

रुपालीने डोळे पुसले आणि ती चक्क हसली.

"व्हय आप्पा? मला वाटलं, माझे पायच गेले."

तिने धावेची खूण पाऊलभर मागे घेतली. मग अशी सुटली, की संपतला श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. वळसा, झेप, पाठ दांडीवरून पार! टाच निसटती लागली. दांडी थरथरली, थरथरली आणि जागीच राहिली. पांढरी झेंडी! संपतने शेजारच्या अनोळखी मास्तरांना मिठीच मारली. पंचेचाळीस पार करणारी ती दुसरी आणि शेवटची होती.

आता पुढे कोणत्या उंचीला उतरणार, हे पंचांनी मघासारखं संपतलाच विचारलं.

"तिला इचारा," तो म्हणाला.

रुपाली केव्हाच खुणेवर जाऊन उभी होती.