शालूबाईंच्या फणीचा संशय

मी एक जुनी फणी आहे, मित्रांनो. शिसवी लाकडाची, दोन्ही बाजूंनी बारीक दातांची. माझा स्वभाव संशयी आहे आणि त्यात माझा काही दोष नाही. जिचा जन्मच डोक्यातल्या उवा-लिखा शोधण्यासाठी झाला, ती कुणावर विश्वास ठेवणार? केस कितीही चापूनचोपून बसवलेले असोत, मला आत काहीतरी वळवळतंय असंच वाटतं.

एका सुताराने मला घडवलं आणि साखरा गावच्या शालूबाईंनी जत्रेत पारखून घेतलं. त्यांची लेक प्रियंका लहान होती तेव्हा माझा फार मान होता. रविवारी शेजारणी आपापली लेकरं घेऊन ओसरीवर जमायच्या. "शालूबाईची फणी एक लीख सोडत न्हाई," असं शेजारच्या द्वारकाबाई म्हणाल्या की मी फुलून जायचे. पुढे उवांचं औषध आलं, प्लॅस्टिकचे कंगवे आले आणि मी भिंतीतल्या देवळीत, तेलाच्या बाटलीशेजारी पडून राहिले. शालूबाई तेवढ्या प्रियंकाला तेल लावताना मला आठवणीने घेत.

प्रियंका मोठी झाली, गाडी शिकली आणि सेनगावच्या एका शाळेची व्हॅन चालवू लागली. लेकरं तिला व्हॅनवाली ताई म्हणत. सगळं छान चाललं होतं, तेवढ्यात कुणीतरी शाळेत निनावी तक्रार केली की एक चालक नशा करतो. कुणी केली असेल? माझा चौघांवर संशय आहे, पण ते राहू द्या.

शाळेने सगळ्या चालकांचे केस तपासायचं ठरवलं. केस रक्तावर वाढतो, त्यामुळे माणसाने मागच्या काही महिन्यांत काय घेतलं त्याची खूण त्यात उरते म्हणे. त्या सकाळी शालूबाईंनी प्रियंकाला खाली बसवलं. "चार लोकांत जायचं, अन् भुरी केसं घेऊन जाती काय?" असं म्हणत त्यांनी घरचं तेल थापलं आणि मला फिरवलं.

निकाल आला. एकट्या प्रियंकाच्या केसात गांजा निघाला. शाळेने व्हॅनची किल्ली काढून घेतली.

"आई, म्या बिडीसुदिक वढली न्हाई कधी."

"मंग केसात कुठून आलं?" शालूबाईंनी विचारलं आणि मान फिरवली.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तेल लावायच्या निमित्ताने शालूबाई पुढे वाकत आणि लेकीच्या तोंडाचा हळूच वास घेत. प्रियंकाला ते कळत होतं. तिची मान लाकडासारखी ताठ व्हायची. खरं सांगते, संशय मलाही आला होता, पण माझं तर कामच ते.

प्रियंकाने भांडून पुन्हा तपासणी मागितली. या वेळी दुसऱ्या प्रयोगशाळेच्या देवश्री मॅडम केस घ्यायला घरी आल्या. कात्री काढण्याआधी त्यांनी विचारलं, "केसांना काय लावता?"

"बाजारचं काईच न्हाई," शालूबाई अभिमानाने म्हणाल्या. "माका, जास्वंद, अन् शिवरात्रीची भांग."

"भांग?"

"देवळातल्या गोपाळ पुजाऱ्यानं परसाद म्हणून पानं देली व्हती. महादेवाला वाहिलेलं फेकावं कसं? टाकलं उकळत्या तेलात."

मॅडमनी आधी बाटलीकडे पाहिलं, मग माझ्या दातांतल्या हिरवट-काळ्या मळाकडे. केसांबरोबर बाटली घेतली आणि मलाही पिशवीत घातलं. जन्मभर दुसऱ्यांची डोकी तपासली, आता माझीच झडती! मी त्यांच्यावरही संशय घेत गेले.

प्रयोगशाळेत त्यांनी केस नीट धुतले आणि ते धुवणसुद्धा तपासलं. भांग आणि गांजा एकाच झाडाचे. जे धुवणात सापडलं तेच बाटलीत आणि माझ्या दातांत सापडलं. मग त्यांनी केसात वेगळी खूण शोधली. नशा पोटात किंवा छातीत गेली तरच शरीर ही खूण तयार करतं. ती खूण कुठेच नव्हती. पहिल्या प्रयोगशाळेने घाईत धुवणही पाहिलं नव्हतं आणि ही खूणही शोधली नव्हती.

किल्ली परत मिळाली. बाटली आणि मीही घरी आलो. शालूबाईंनी उरलंसुरलं तेल ओतून टाकलं, साधं खोबरेल आणलं आणि मला हातात घेऊन लेकीला हाक मारली. प्रियंका आली, पण नेहमीसारखी पाठ करून बसली नाही. आईसमोर तोंड करून बसली आणि म्हणाली, "आई, आदी वास घे. मंग लाव तेल."

शालूबाईंच्या हातातून मी खाली पडले. त्यांना रडू आवरेना.

मित्रांनो, फणी वापरली की धुवून, दात कोरून ठेवत जा. माझ्यासारखीच्या मळामुळेही एखाद्याचं नाव खराब होतं. आणि संशय घ्यायचं काम आम्हा लाकडाच्या वस्तूंना राहू द्या. तुम्ही आपल्या माणसाला आधी नीट विचारत जा. प्रियंका रोज व्हॅन घेऊन जाते, आईशी बोलते, हसतेसुद्धा. पण केस मात्र अजून आपले आपणच विंचरते.