उन्हात चुकलेला रंग

“उजेडात ये, बाळा. सावलीत रंग खोटं बोलतो.”

हा आवाज मी ऐकला त्याला आता तीस वर्षं झाली. आवाज दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या एका माणसाचा होता, आणि बाळ म्हणजे त्याची सात वर्षांची मुलगी. ती खिडकीशी येऊन उभी राहिली, हनुवटी वर केली, डोळे घट्ट मिटले. त्याने मला उघडलं.

मित्रांनो, मी एक जुनी पावडरची डबी आहे. गोल, चपटी, तळहातावर मावेल एवढी. अंगावरचा सोनेरी मुलामा आता कडेकडेलाच उरला आहे. झाकणाच्या आतल्या आरशाला एक बारीक तडा आहे. बिजागरी कुरकुरते. पण मिटताना येणारा ‘टक्’ आवाज अजून पहिल्यासारखा आहे, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा तोरा आहे.

कारखान्यात एका बाईने माझ्यात आरसा बसवला. त्यावर तोंडाची वाफ सोडून तिने तो बाहीने पुसला आणि म्हणाली, “समोर येईल ते दाखव. जास्त शहाणपणा करू नकोस.” मी जन्मभर तेवढंच केलं. आता वाटतं, थोडा शहाणपणा करायला हवा होता.

पहिली काही वर्षं मी मुलीच्या आईकडे होते. ती कपडे शिवायच्या दुकानात कामाला होती. तिच्या पिशवीत मोजपट्टी, खडू आणि टाचण्यांच्या गर्दीत मी राणीसारखी राहत असे. दुपारी ती मला उघडून नाकावर पावडरचा एक हात फिरवायची. शेजारच्या मशीनवरच्या बायका मला हातात घेऊन बघायच्या. पुढे मुलगी झाली, आईला नाकाकडे बघायला सवड राहिली नाही, आणि मी कपाटाच्या खणात जाऊन पडले.

मुलीच्या डाव्या गालावर जन्मखूण होती. लाल, पंख पसरलेल्या पाखरासारखी. घरात कुणाला तिचं काही वाटत नसे. पण शाळेत एकाने म्हटलं, “तुझ्या गालाला जाम लागलाय, पूस.” मग रोज कुणीतरी म्हणू लागलं, “पूस, पूस.” एके दिवशी ती घरी आली आणि टॉवेलने गाल घासत बसली. खूण होती तिथेच राहिली, तिच्याभोवतीचा गाल मात्र सोलवटून निघाला.

“विसरेल ती,” आई म्हणाली. “मुलं काय, आज बोलतात, उद्या खेळतात.”

बाबांचं बोलणं मुळातच कमी. आई म्हणायची, “तुझे बाबा रंग सढळ हाताने वापरतात आणि शब्द थेंबाथेंबाने.” त्यांनी खणातून मला काढलं. दोन-तीन छटांची पावडर आणली आणि घराच्या मागच्या कामाच्या खोलीत खिडकीशी बसून घोटली. थोडं पिवळट, थोडं गुलाबी, चिमूटभर तपकिरी. मनगटावर लावून बघितलं, पुसलं, पुन्हा लावलं. मुलीच्या गालाशी जुळेल असा रंग त्यांनी तासाभरात तयार केला. लेकरू रडत होतं, आणि त्यांच्या हाताशी रंगच होता. म्हणून त्यांनी रंग दिला. मी त्यांना दोष कसा देऊ?

मुलीने हलू नये म्हणून आईने एक गाणं रचलं होतं:

डबी माझी उघडली, आरसा जागा झाला,
गालावरचा लाल पक्षी कुठं उडून गेला?

मुलगी खुदकन हसायची. मी पण आतून लखलखायचे. मला वाटायचं, आपण किती कामाच्या आहोत. पण पक्षी उडून गेला नव्हता. तो माझ्या पावडरीखाली दबून बसला होता. मुलगी पोहायला जायची, ते तिने बंद केलं, कारण पाण्यात पावडर राहत नाही. हे कुणी तिला बंद करायला सांगितलं नाही. आणि बंद का केलं, हेही कुणी विचारलं नाही.

ती बारा वर्षांची झाली तेव्हा शाळेचं शिबिर निघालं. तळ्याकाठी तीन दिवस तंबूत राहायचं. तळ्याच्या मध्यावर लाकडी तराफा बांधलेला असतो, तिथवर पोहत जाऊन परत यायचं, असं वरच्या वर्गातल्या मुली सांगत. तिने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. “बाबा, मी तराफ्यापर्यंत जाणार. बघाच तुम्ही.” पाच वर्षांत ती पहिल्यांदा पाण्याचं नाव काढत होती.

सामानाच्या यादीत शेवटी लिहिलं होतं: नट्टापट्ट्याचं सामान आणू नये.

“बरोबरच आहे,” आई म्हणाली. “रानात कोणासाठी नटायचं? खारी काय नावं ठेवणार आहेत?”

“हा नट्टापट्टा नाहीये, आई.”

“मग काय आहे?”

मुलगी हळूच म्हणाली, “पाण्यात लांबून दिसणार नाही, पण तंबूत तिघी असतात. सकाळी उठल्या की बघतील ना.”

नेमकी तेव्हा मी रिकामी होते. आणि हे बोलणं झालं ते निघायच्या आदल्या संध्याकाळी. बाबा बुटांच्या दुकानाचा बोर्ड पुरा करून आत आले तेव्हा ऊन कधीच गेलं होतं. मुलीने मला त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी मला घेतलं, उघडलं. माझ्या आरशात त्यांचा चेहरा आला. ओठ हलले. काहीतरी ओठांवर आलं होतं, मी अगदी जवळून बघितलं. पण त्यांनी ते गिळलं, वरचा पिवळा बल्ब लावला आणि पावडर घोटायला घेतली.

मित्रांनो, ज्या माणसाने जन्मभर उजेडाशिवाय ब्रश उचलला नाही, त्याने त्या दिवशी बल्बखाली रंग जुळवला. मुलीने तिथेच लावून बघितला. तंतोतंत होता.

दुसऱ्या दिवशी मी पायमोज्यात लपून शिबिराला गेले. तिथल्या पहिल्या पहाटे, तंबूतल्या दोघी झोपेत असताना मुलगी उठली. तंबूच्या अंधुक उजेडात तिने पावडर लावली. मी दाखवलं, ठीक आहे. तिथे ठीकच होतं. मी काय करणार?

मग सगळ्या तळ्यावर गेल्या. वर मोकळं आभाळ आणि भरपूर ऊन. त्या उन्हात माझी पावडर राखेसारखी करडी दिसू लागली.

तंबूतल्या दोघींपैकी एक, त्याच वर्षी शाळेत आलेली मुलगी, जाड भिंगांचा चष्मा लावायची. वर्गात तिला ढापणी म्हणत आणि ती खुशाल ओ द्यायची. पोहायचं म्हणून तिने चष्मा काढून ठेवला होता. ती डोळे बारीक करून म्हणाली, “अगं, गालाला चिखल लागलाय तुझ्या.” आणि ओल्या अंगठ्याने तिने तो पुसला.

“अय्या, खाली तर रक्त आहे. पडलीस का?”

मागून तंबूतली तिसरी मुलगी हसली. “रक्त नाही, डिस्टेंपर मारलाय तिने. रंगाऱ्याची पोर ना, घरचाच रंग.”

चार-पाच जणी हसल्या. फार मोठ्याने नाही. तेवढ्यावर तो विषय संपलाही असता. कारण ढापणीने धावत जाऊन चष्मा आणला, नाकावर चढवला, गालाकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “हे तुझं नेहमीचंच आहे का? मग काय. मला वाटलं लागलंय. चल, तराफ्यावर आधी कोण पोचतंय बघू.”

पण ते ऐकायला मुलगी तिथे नव्हती. ती तंबूत शिरली होती. तिने मला इतक्या जोरात मिटलं की आरशाला तडा गेला. उरलेले दिवस तिने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. शिबिराच्या बाईंनी लिंबाचं पाणी दिलं. ढापणी दोनदा तंबूशी येऊन म्हणाली, “येतेस का गं?” आणि दोनदा तिला उत्तर मिळालं नाही. तळ्यावरचे आवाज कापडातून आत येत राहिले. मी तिच्या मुठीत गरम होत राहिले.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, “गेलीस का तराफ्यापर्यंत?”

“पाणी गार होतं.”

“बरं. आणि रंग?”

‘घरचाच रंग’ हे शब्द बाबांच्या कानावर घालायचे नाहीत, एवढं तिने बसमध्येच ठरवलं होतं. “रंग चुकला, बाबा. उन्हात वेगळा दिसला.”

बाबांचा चेहरा उतरला. “बल्बखाली केला होता ना. आण इकडे, पुन्हा करून देतो.”

आणि त्यांनी करून दिला. भर उन्हात बसून, अगदी बिनचूक. मित्रांनो, मला आजवर ज्यांच्याबद्दल सगळ्यात वाईट वाटतं, ते हेच तीन शब्द आहेत. पुन्हा करून देतो. मायेने म्हटलेले, पण त्या घटकेला दुसरेच शब्द हवे होते.

पुढे मुलगी मोठी झाली. बाजारात माझ्यापेक्षा चांगल्या गोष्टी आल्या, घामाने न जाणाऱ्या, दिवसभर टिकणाऱ्या. मी कामाच्या खोलीतल्या फळीवर, वाळक्या ब्रशांच्या डब्यात जाऊन पडले. समोर खिडकीलगतची भिंत होती. तिच्यावर बोटभर लांबीचे लाल पट्टे होते, शेकड्यांनी. बाबा अधूनमधून एखादा नवा पट्टा ओढायचे, मान हलवायचे आणि बोर्डाकडे वळायचे. लाल बोर्डांना फार मागणी असेल, असं मला वाटायचं.

मला नीट ठेवा, पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. डबी काय, आज आहे, उद्या नाही. नटू नका, असंही माझं म्हणणं नाही. हौस असेल तर रानात काय, डोंगराच्या टोकावरही नटा. एवढंच मागते, की रंग देण्याआधी समोरच्याला एक शब्द द्या. पावडर पडून राहिली की तिचा खडा होतो. शब्दाचंही तसंच होतं.

परवा त्या मुलीची मुलगी सुट्टीला आली. तिने फळी धुंडाळली आणि मी कुरकुरत उघडले.

“आजोबा, यात पिवळा आणि काळा भरून द्या ना. शिबिरात शेकोटीपुढे नाटक आहे. मी वाघ आहे.”

तिची आई दारात उभी होती. “रानात मेकअप? खरे वाघ मेकअप करतात का गं?”

“त्यांचे पट्टे जन्माचेच असतात, आई. त्यांना काय गरज?” नात म्हणाली. “आणि तू तर रोज करतेस. पाण्यातसुद्धा येत नाहीस.”

आई हसली नाही. आजोबांनी मला हातात घेतलं. “तेच तळं का?” त्यांनी विचारलं. “तुला पाणी गार लागलं होतं ते?”

“पाणी गार नव्हतं, बाबा.” ती खाली बघून म्हणाली. “मी उतरलेच नाही. गालावरचा रंग बघून मुली हसल्या. म्हणाल्या, रंगाऱ्याची पोर, घरचाच रंग. तुम्हाला कसं सांगणार होते?”

आजोबांनी मला खिडकीत ठेवलं, उघडीच. मग ते भिंतीपाशी गेले आणि त्या लाल पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं.

“मला त्या संध्याकाळी म्हणायचं होतं, डबी राहू दे, अशीच जा. ओठांवर आलं होतं. पण पाच वर्षं मीच झाकत आलेलो, कुठल्या तोंडाने म्हणू? हे पट्टे बोर्डाचे नाहीत, बाळा. तू झालीस त्या दिवसापासून तुझ्या गालावरचा लाल करून बघतोय. झाकायचा रंग मला तासाभरात जमला. हा अजून जमला नाही. उजेडात ये जरा, तोंड धुवून ये. मला तो एकदा नीट बघू दे.”