साध्या आधी

तिने सातवी प्लेट सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, चाक फिरवलं आणि श्वास रोखला. परवापर्यंत पेशींत ठासून भरलेले चरबीचे थेंब मोहरीएवढे बारीक दिसत होते. आठवीत तेच. बारावीपर्यंत तेच. पहिल्या सहा, अर्क न दिलेल्या साध्या प्लेटांतल्या पेशी मात्र गुबगुबीत, खाऊनपिऊन सुखी.

"सर, येता का जरा?"

सर आले, वाकले आणि बराच वेळ वर पाहिनात.

"फोडली!" ते अखेर म्हणाले. "दोन वर्षं रडवलं या कडू मुळीनं, पण फोडली चरबी!"

त्यांनी हाताशी आलेल्या कागदावर पेशीचं वर्तुळ काढलं. "उद्या समितीला असं सांगू. मुळीतलं द्रव्य पेशीच्या दाराशी जातं, आत निरोप पोचतो, आणि विकर, म्हणजे एन्झाइम, उठून चरबीच्या थेंबाला कात्री लावतं. आता बघू कोण प्रकल्प बंद करतं ते." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत म्हणाले, "तू पण जेवत जा जरा. अर्क पेशींना दिलास की स्वतःच प्यायलीस?"

ती हसली. प्रकल्प राहिला तर तिची जागा राहणार होती, नाहीतर महिनाअखेरीला घरचा रस्ता. हे दोघांनाही इतकं माहीत होतं की बोलायची गरज नव्हती. सर आलेख काढायला त्यांच्या खोलीत गेले. जाताना चक्क गुणगुणत गेले.

काचेची भांडी धुणारे काका ट्रे घेऊन आले.

"छकुलीचा ताप उतरला का हो, बाई?"

"काल संध्याकाळी उतरला, काका. पण रात्रभर मांडीवरून उतरली नाही."

"चालायचंच. परवा पाळणाघराचा फोन आला तशा तुम्ही सगळं टाकून पळालात. ती पेशींच्या खाण्याची बाटली मीच फ्रीजात ठेवली. अर्धी उरली होती, म्हटलं नासायला नको."

काका गेले. ती तशीच उभी राहिली, बोटातली सैल झालेली अंगठी फिरवत.

बाटली बरोबर बारा प्लेटांपुरती असते. ती स्वतःच बनवते.

तिने वही उघडली. परवाच्या रकान्यात बारा खुणा होत्या. सकाळी सातवी ते बारावी या प्लेटांत अर्काचा थेंब टाकतानाच तिने दुपारच्या खाण्याच्या खुणाही करून ठेवल्या होत्या. दुपारी नक्की काय झालं ते तिला आठवेना. झोपच इतकी अपुरी झाली होती की झालेलं आणि करायचं राहिलेलं एकमेकांत मिसळत होतं. पण हात कुठल्या क्रमाने चालला असेल ते तिला माहीत होतं. साध्या आधी, अर्काच्या नंतर. साध्या प्लेटांत चुकून अर्क जाऊ नये म्हणून इथे सगळे तसंच करतात, पहिल्या दिवसापासून. म्हणजे फोन वाजला तेव्हा साध्या सहा जेवून झाल्या होत्या. अर्काच्या सहा दोन दिवस उपाशी होत्या.

आणि उपाशी पेशी स्वतःचीच चरबी फोडून जगते. तिला कुठल्याच मुळीची गरज लागत नाही.

खुर्चीच्या पाठीला लटकणाऱ्या पिशवीत सकाळचा डबा तसाच होता. तिने पेन उचललं, सहा खुणांवर काट मारली, शेजारी वेळ आणि कारण लिहिलं आणि वही घेऊन सरांच्या खोलीत गेली.

सरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. पडद्यावर आलेखाची रेघ डौलात वर चढलेली होती.

"हे मला समिती होऊन गेल्यावर सांगितलं असतंस तरी चाललं असतं," ते हळूच म्हणाले.

"हो, सर. माझ्याही मनात आलं होतं."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. एकाएकी ते तिच्या वडिलांच्या वयाचे दिसायला लागले. मग वही स्वतःकडे ओढून त्यांनी तिच्या ओळीखाली लिहिलं, 'पाहिले', आणि सही केली, तारखेसकट.

"दुसरी खेप तयार आहे का?"

"आहे. अर्क सकाळीच दिलाय. पण निकाल दोन दिवसांनी."

"समिती उद्या आहे."

"हो."

"लाव," सर म्हणाले आणि पडद्यावरची खिडकी बंद केली.

परत येऊन तिने आधी डबा उघडला. गार झालेले चार घास उभ्यानेच खाल्ले, हात धुतले, हातमोजे चढवले. नव्या बारा प्लेटा दोन रांगांत मांडल्या, वर साध्या, खाली अर्काच्या. नळीचं टोक दर वेळी बदलायचं ठरवून तिने पहिलीला खाणं घातलं, मग सातवीला. दुसरीला, मग आठवीला. काका दारातून बघत होते.

"आज नवीनच रीत, बाई?"

"हो, काका. वेळ जास्त जातो."

चौथी झाली आणि टेबलावरचा फोन थरथरला. पाळणाघर. तिने नवं टोक लावलं, दहावी प्लेट भरली, झाकण ठेवलं, आणि मग हातमोजा ओढून काढत फोन घेतला.